प्रयोगासाठी वर्गणी मागताना

म्हापशातल्या द्विभाषिक मुलांवरचा तुझा स्ट्रूप प्रयोग (रंगाचं नाव दुसऱ्याच रंगात लिहिलेलं, ते न वाचता शाईचा रंग सांगायचा) चांगला आहे, पण "दोन लाख हवेत" एवढ्यावर कोणी खिशात हात घालणार नाही. आधी सॅम्पल ठरव. दोन गट, त्यांच्यात मध्यम फरक (०.५ प्रमाण विचलन), आणि ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता, धरलीस तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे १२८ मुलं. येण्याजाण्याचे प्रत्येकी २०० धरले तरी २५,६०० रुपये. हा हिशेब तसाच मांड. ४० मुलांत भागवायचा मोह होईल, तो आवर; इतक्या कमी मुलांत आलेल्या निकालाचा भरवसा नसतो. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर साधारण ३६ टक्क्यांतच पुन्हा ठोस निकाल आला.

खरी गोम वर्गणीच्या आवाहनाच्या व्हिडिओत आहे. पैसे मिळावेत म्हणून तू गृहीतक रंगवून सांगणार, आणि तोच व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरणार. गोव्यात काय लपतं? मग मुलं पढवूनच येतील. विषय सांग, अपेक्षित निकाल नको. गृहीतक ओएसएफवर (संशोधनाचे आराखडे नोंदवायची वेबसाइट) आधी नोंदव आणि डेटा गोळा होईपर्यंत नोंद लोकांसाठी बंद ठेव.

एथिक्स कमिटीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, मुलाचा स्वतःचा होकार, हे तर हवंच.

देणग्यांसाठी लंडनच्या ओळखीवर फार विसंबू नकोस. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोंयकाराची देणगी एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांचा कायदा) परदेशी ठरते. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली तशी ठरत नाही. आणि चवथीच्या तोंडावर मोहीम काढू नकोस, तेव्हा सगळ्यांचे पैसे माटोळीत (गणपतीवर बांधायच्या फळा-भाज्यांच्या छतात) गेलेले असतात.