वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कार ताशी चाळीसच्या आत पारखावी

प्रश्न : मी पुण्यात औंधला राहतो. वय ४६. बरीच वर्षे पैसे बाजूला टाकून यंदा एक स्पोर्ट्स कार घेण्याचे ठरवले आहे. नवी बीएमडब्ल्यू एम२, नवी झेड४ एम४०आय किंवा वापरलेली पोर्शे ७१८ केमन, या तिघींपैकी एक घ्यावी असे मनात आहे. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला पंधरा-वीस मिनिटे देतात, तेवढ्यात फरक कळणार कसा? मित्र म्हणतात, एक्स्प्रेसवेवर नेऊन दाबून बघ. पत्नीचा प्रश्न वेगळाच आहे : मुलांनी बसायचे कुठे?

उत्तर : तुमच्या पत्नीच्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मित्रांचा सल्ला मात्र आत्ताच बाजूला ठेवू. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तुमच्या यादीतली सर्वांत संथ गाडी, म्हणजे साधी केमन, तो वेग साधारण पाच सेकंदांत गाठते. झेड४ साडेचार सेकंदांत आणि एम२ चारच्या आसपास. मग उरलेल्या वाटेवर पारखण्यासारखे टोलनाक्याशिवाय काही राहत नाही. शिवाय हे आकडे कंपन्यांनी छापलेलेच असतात आणि ते खरे असतात, ते ताडून पाहण्यासाठी तुमची पंधरा मिनिटे खर्च करू नयेत. जे कुठेही छापलेले नसते, ते तुमच्या घोट्याला, कमरेला आणि तळहाताला कळते, आणि ते ताशी चाळीस किलोमीटरच्या आतच अधिक स्वच्छ कळते, कारण त्या वेगात घाबरायला झालेले नसते आणि लक्ष जागेवर असते.

पहिली पाच मिनिटे गाडी सुरूच करू नका. आसन आणि स्टिअरिंग आपल्या मापाचे करून घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते पाहा, आणि मग तीनदा उतरून पुन्हा बसा. बीएमडब्ल्यू आपल्या एम मालिकेतील गाड्यांना कार्बनच्या आसनांचा पर्याय देते. त्यांत दोन मांड्यांच्या मधोमध एक उंचवटा असतो, जो दिसायला देखणा असला तरी सेहेचाळीसच्या कमरेला रोज सकाळी तो ओलांडणे मानवेलच असे नाही. नेहमीचेच बूट घालून जा, असेही सांगतो. मी एकदा जाड तळाचे नवे बूट घालून गेलो होतो आणि क्लचचा ठाव लागत नाही म्हणून एक चांगली गाडी नाकारून आलो; चूक बुटांची होती, हे घरी आल्यावर ध्यानात आले.

तिन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, आणि शेवटची गाडी झाली की पहिली पुन्हा दहा मिनिटे मागून घ्या. ही शेवटची विनंती विक्रेत्याला विचित्र वाटेल, पण तिचा आग्रह धरा. पहिली गाडी चालवताना तुम्ही अवघडलेले असता आणि तुलनेला काही नसते; शेवटची चालवताना हात मोकळा झालेला असतो, त्यामुळे ती उगाचच अधिक चांगली भासते. पहिलीकडे परत आल्याशिवाय हा दोष निघत नाही. रस्ता निवडताना मुळशीचा घाट कितीही खुणावत असला, तरी तुमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ, बाणेरची गर्दी, एखादा ठिगळांचा रस्ता आणि शेवटी पौड रस्त्याचा थोडा मोकळा भाग इतके पुरेसे आहे. ही गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस तिथेच चालणार आहे.

तुलना समान पायावर व्हावी म्हणून चार गोष्टी आधी विचारून घ्या. टायर कोणते आहेत आणि त्यांत हवा किती आहे. टाकीत पेट्रोल कोणते आहे. गाडी किती किलोमीटर चालली आहे. आणि ड्रायव्हिंग मोड कोणता लावला आहे. आपल्याकडचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल वेळेआधी न पेटण्याचे माप) असे, तर या इंजिनांना ९५ किंवा त्याहून वरचे हवे असते. कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतःला जपण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेते आणि ताकद थोडी कमी देते, म्हणून एका गाडीत एक्सपी१०० (इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल) आणि दुसरीत साधे पेट्रोल असेल तर तुम्ही गाड्यांची नव्हे, पेट्रोलची तुलना कराल. एम२ची गोष्ट आणखी वेगळी आहे : एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत रनिंग-इनची, म्हणजे नवे इंजिन जपून चालवण्याची, शिस्त असते आणि त्यानंतर खास तपासणी होते. डेमो गाडी त्या टप्प्यात असेल तर ती पूर्ण ताणू नये. कोणी तुमच्यादेखत ताणून दाखवत असेल, तर ती गाडी पुढे डेमो म्हणून स्वस्तात विकायला निघाल्यावर घेऊ नये. मोडच्या बाबतीत, तिन्ही गाड्या आधी सर्वांत सौम्य मोडमध्येच चालवा. स्पोर्ट मोडमध्ये थ्रॉटल चुरचुरीत होतो, काही गाड्यांत स्टिअरिंगही जड होते आणि स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाची भर पडते. पहिल्या भेटीत हे सगळे मोहात पाडते आणि महिनाभराने कटकटीचे होते.

आता खुद्द गाड्यांविषयी. एम२चे तीन लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिन २०२३ साली ४६० अश्वशक्तीचे आले आणि पुढे ४८० झाले. झेड४ एम४०आयमध्येही एका ओळीतले सहा सिलिंडरच आहेत, पण इंजिन वेगळे आणि ताकद ३४०. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांत पिस्टनांचे हेलकावे एकमेकांना खोडून काढतात, त्यामुळे जो रेशमी गुळगुळीतपणा येतो तो केमनच्या दोन लिटरच्या चार सिलिंडरांत नाही. केमनचे ३०० अश्वशक्तीचे हे इंजिन थंड असताना खडखडते, आणि २०१६ साली जुन्या सहा सिलिंडरांच्या जागी ते आले तेव्हापासून त्याच्या आवाजाविषयी तक्रार होत आली आहे. ती रास्त आहे. म्हणून केमन थंड असतानाच सुरू करून घ्या आणि तो आवाज रोज ऐकायचा आहे असे समजून ऐका.

पण पहिल्याच वळणावर हिशेब उलटतो. एम२चे वजन सुमारे १,७०० किलो आणि केमनचे १,३५०च्या आसपास. म्हणजे एम२मध्ये पाच माणसे कायमची बसलेली आहेत असे धरा. शिवाय केमनचे इंजिन दोन चाकांच्या जोड्यांच्या मध्ये, तुमच्या पाठीमागे असते, त्यामुळे गाडीचे ओझे मध्यावर एकवटते आणि ती वळायला तयारच असते. हे अनुभवायला वेग लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसने जाताना स्टिअरिंग सरळ ठेवून बोटभर डावी-उजवीकडे हलवा आणि गाडीचे नाक किती लगेच उत्तर देते ते पाहा. एम२चे नाकही चटकन उत्तर देते, पण मागाहून तिचे वजन जाणवते. झेड४मध्ये तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता, त्यामुळे लांबलचक बॉनेट आधी वळते आणि तुम्ही नंतर, ही गोष्ट कोणाला राजेशाही वाटते तर कोणाला अडचणीची.

ब्रेक पारखताना जोरात दाबू नका. पेडलच्या पहिल्या दोन सेंटीमीटरमध्ये काय होते ते पाहा, कारण सिग्नलच्या रांगेत पायाचे काम तेवढेच असते. एम२मध्ये ब्रेकच्या प्रतिसादालाही दोन मोड आहेत, दोन्ही लावून पाहा. गिअरविषयी एकच सांगतो : तुम्हाला मॅन्युअल घ्यायची असेल आणि डेमो ऑटोमॅटिक असेल, तर ती टेस्ट ड्राइव्ह तुमच्या गाडीची नव्हेच. झेड४ एम४०आय बराच काळ केवळ आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळत होती, मॅन्युअल नंतर आली, तेव्हा हा घोळ तिथे होऊ शकतो.

गतिरोधकांची भीती प्रत्येक वाचकाच्या पत्रात असते, म्हणून थोडे गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. एम२च्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.७५ मीटर आहे. तेवढ्या अंतरात अशा गोलाईचा फुगवटा साडेपाच सेंटीमीटरच भरतो, आणि झेड४ व केमन यांच्या २.४७ मीटरमध्ये साडेचार. म्हणजे शिस्तीत बांधलेला गतिरोधक यांपैकी कोणत्याही गाडीच्या पोटाला लागू नये. लागतो तो सोसायटीने हौसेने घातलेला, वीतभर रुंदीचा अरुंद बांध, कारण त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. तेव्हा टेस्ट ड्राइव्हमध्ये तुमच्याच फाटकातला बांध, दोन माणसे बसवून, तिरक्या चालीने ओलांडून पाहा. विक्रेता नको म्हणाला, तर त्याच्या नकारातूनही उत्तर मिळालेच. गाडीत स्टेपनी आहे की नुसते पंक्चरचे किट, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

झेड४चे कापडी छप्पर दहा सेकंदांत उघडते आणि ताशी पन्नासपर्यंत चालत्या गाडीतही उघडता येते. ते संध्याकाळी उघडून दाखवतील. तुम्ही भर दुपारी, छप्पर मिटून, ट्रकच्या शेजारी उभे राहून एसी आणि आवाज पाहा.

आता पत्नीचा प्रश्न. झेड४ आणि केमन या दोन आसनांच्याच गाड्या आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. एम२ला मागे दोन आसने आहेत, ती शोभेची नाहीत, पण मुलांचे गुडघे कुठे येतात ते मुलांना नेऊनच पाहावे लागेल. घरात दुसरी मोठी गाडी नसेल, तर एम२च घ्यावी. दुसरी गाडी असेल, तर माझे माप केमनकडे झुकते, तिच्या आवाजासकट.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू जर्सीत असतो, उंची सहा फूट एक इंच. माझदा मियाटा आणि टोयोटा जीआर८६ दोन्ही चालवल्या. मियाटा वळणावर फार झुकते आणि जीआर८६ची पकड जास्त वाटली. माझे निरीक्षण बरोबर आहे का?

उत्तर : निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्षाची घाई मात्र करू नये. मियाटाचे झुकणे हा दोष राहून गेलेला नाही. सुमारे १,०६० ते १,१०० किलोच्या गाडीला मऊ स्प्रिंगा देऊन, कमी वेगातही चालवणाऱ्याला वजन कुठे सरकते आहे हे कळावे, अशी ती रचना आहे. घोडा आणि स्वार एक व्हावेत, ही जपानी कल्पना माझदाचे लोक १९८९ सालच्या पहिल्या मियाटापासून सांगत आले आहेत. जीआर८६बद्दल मात्र एक गोष्ट तपासा : तिच्या साध्या प्रकाराला १७ इंची चाकांवर मिशलिनचे प्रायमसी हे घरगुती वळणाचे टायर येतात आणि प्रीमियम प्रकाराला १८ इंची चाकांवर पायलट स्पोर्ट ४. तुम्ही प्रीमियम चालवली असेल आणि घेणार साधी असाल, तर जी पकड आवडली ती तुमच्या गाडीत नसेल. (साध्या प्रकाराच्या कमी पकडीवरच प्रेम करणारेही पुष्कळ आहेत, कारण ती गाडी कमी वेगात खेळते.)

उंचीचा मुद्दा मियाटात अधिक कडक आहे. वापरलेली पाहत असाल तर २०१९च्या मॉडेलपासूनची पाहा, कारण तेव्हापासून स्टिअरिंग पुढे-मागेही सरकते. छप्पर मिटून, डोळ्यांसमोर आरशाची कड येते का ते पाहा आणि अर्धा तास बसून राहा. दहा मिनिटांत गुडघा तक्रार करत नाही. तिच्यात ग्लोव्हबॉक्सही नाही. जीआर८६ची मागची आसने माणसांसाठी म्हणून मोजू नका, मात्र ती पाडली की चार टायर आत मावतात. इंजिनचा आवाज त्या गाडीत स्पीकरमधूनही येतो, तेव्हा काच खाली करून एकदा खरा आवाज ऐका.

प्रश्न : आमच्या सांगलीत अशी गाडी पाहायलाही मिळत नाही. एका विक्रेत्याकडे वापरलेली केमन आहे, पण टेस्ट ड्राइव्हआधी तो बुकिंगचे पैसे मागतो. द्यावेत का?

उत्तर : पैसे पूर्ण परत मिळतील आणि किती दिवसांत मिळतील, असे लेखी देत असेल तर थोडी रक्कम देण्यास हरकत नाही, त्याच कागदावर, टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडीला काही झाले तर विम्याबाहेरचा खर्च कोणाचा, हेही लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर नव्हे, मागचे झाकण उघडून आसनांमागच्या जागेवर हात ठेवा, कारण इंजिन त्याखाली आहे. ते गरम असेल तर तुमच्या आधी कोणीतरी ते सुरू करून गार इंजिनाचा आवाज लपवला आहे, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावे. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारही टायर एका जातीचे नसतील, तर गाडी वळणावर कशी वाटते यावर त्या दिवशी मत बनवू नका. शेवटी, पोर्शेचा संगणक इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले याची टप्प्याटप्प्यांनी नोंद ठेवतो. ही नोंद अधिकृत कार्यशाळेत काढून मिळते. मॅन्युअल गाडीत चुकीचा खालचा गिअर पडला असेल तर तो तिथे सापडतो, चालवून सापडत नाही. विक्रेत्याने ही तपासणी करू दिली, तरच सांगलीहून निघा.