आधी वारस फेरफार, वाटणी मागाहून

प्रश्न : वडील सप्टेंबर 2021 मध्ये वारले. सातबारावर अजून त्यांचंच नाव आहे. पीएम-किसानचे पैसे त्यांच्या खात्यात येत राहिले, ते आम्ही एटीएममधून काढले. मे 2022 नंतर हप्ते बंद झाले. आता तहसीलमधून 6000 रुपये भरण्याची नोटीस आली आहे. आम्ही दोघं भाऊ वाटणीपत्र करून नावं लावणार आहोत. आम्हाला हप्ते मिळतील का? मागचेही?

उत्तर : वाटणीपत्र तूर्त बाजूला ठेवा. सगळं अडलंय ते एका तारखेवर. या योजनेसाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी अर्जदाराच्या नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदी, बक्षीसपत्र, वाटणी यांपैकी कशानेही नाव लागलं असेल, तर अर्ज बाद होतो. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेली जमीन. म्हणून तुमचं नाव कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने लागतं, यावर सगळा निकाल आहे. नोंदीत 'मयत खातेदाराचे वारस' असा स्पष्ट उल्लेख हवा. वारस आणि वाटणी एकाच नोंदीत गुंडाळून देतो म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करा.

महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे वारसाने जमीन आल्याची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. तुम्ही वर्षं घालवलीत. उशीर झाला म्हणून नोंद नाकारत नाहीत, पण पैसे गेले ते गेले. ज्या चार महिन्यांत नाव पोर्टलवर चढतं, त्या हप्त्यापासून पुढे लाभ मिळतो. मागचं काही मिळेल ही आशा सोडा. पीएम-किसानच्या 2000 सोबत राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे 2000 धरले, तर उशिराच्या दर चार महिन्यांना प्रत्येकी 4000 बुडतात.

मृत्यूदाखला, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा जोडून ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवर किंवा तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. आई आणि बहिणी यांची नावं गाळू नका, बहीण सासरी असली तरीही. एकीने हरकत घेतली की नोंद तक्रारी होते आणि प्रकरण लोळत पडतं. कोर्टातून वारस दाखला आणा असं कुणी सांगितलं, तर वारसांत वाद नसताना त्या फंदात पडू नका. तिथल्या तारखा मोजत बसाल. फेरफार प्रमाणित झाला की शेतकरी ओळखपत्र काढा, मग पीएम-किसानची नोंदणी करा. सोबत वडिलांचं नाव ज्याने लागलं तो 2019 पूर्वीचा फेरफारही ठेवा. वाटणी त्यानंतर खुशाल करा. तुम्ही दोघं पात्र ठराल की नाही, हे आयकर, नोकरी आणि पेन्शन पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. नवरा-बायको दोघांनी मात्र अर्ज करू नये.

आता नोटीस. मेलेल्या माणसाच्या कार्डाने पैसे काढणं हा निष्काळजीपणा नाही, गैरप्रकार आहे. 'माहीत नव्हतं' असं लेखी देऊ नका. पासबुक उघडा. 9 ऑगस्ट 2021 चा नववा हप्ता वडील हयात असताना आलेला आहे, तो परत मागता येत नाही, असं माझं मत आहे. 1 जानेवारी आणि 31 मे 2022 चे दोन मात्र भरावेच लागतील. म्हणजे 4000. बाराव्या हप्त्यापासून ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदीची पडताळणी आडवी आली असावी. मृत्यूदाखला आणि पासबुकाची प्रत जोडून हप्तानिहाय हिशोब मागणारं उत्तर मुदतीत द्या, 4000 लगेच भरा आणि चलनाची प्रत तहसीलमध्ये देऊन शिक्का मारून घ्या.