उंदरांचे विष आणि घरातले लहान मूल

प्रश्न : आमच्या घरात खाली यंत्रमाग असून वर आम्ही राहतो. उंदीर सूत कुरतडतात म्हणून शेजारी किराणा दुकानातील पेस्ट टोमॅटोच्या फोडींना लावून सामाईक बोळात ठेवतात. आमचे बाळ रांगते आहे. अशा विषावर काही बंधन आहे का? आणि दुसरा उपाय कोणता?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : त्या फोडी आजच उचलायला लावाव्यात, हे सर्वांत आधी. अशा ट्यूबमधील पेस्टमध्ये बहुधा पिवळा फॉस्फरस असतो आणि त्यावर खास असा उतारा नाही. ते पोटात गेल्यावर सुरुवातीला उलट्या होतात, मग एखाददुसरा दिवस रुग्ण बरा दिसतो, आणि घरचे निर्धास्त झालेले असतानाच यकृत निकामी होऊ लागते. म्हणून नुसती शंका आली तरी, मूल हसत-खेळत असले तरी, ट्यूब सोबत घेऊन तत्काळ सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. घरी ओकारी काढू नये आणि दूध-तूप मुळीच पाजू नये. स्निग्ध पदार्थांमुळे हे विष अधिक भिनते.

बंधन निश्चितच आहे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ उंदरांच्या औषधांनाही लागू होतो आणि नोंदणी नसलेले औषध विकणे हा त्याखाली गुन्हा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला उंदीरनाशक म्हणून अशी नोंदणी नाही, तरीही ती बिस्किटांशेजारी विकली जाते, याची चीड यायलाच हवी. वेष्टनावर नोंदणी क्रमांक आणि विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण नसेल, तर कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे गल्लीतील सर्वांच्या सह्यांनिशी लेखी तक्रार करावी.

उंदरांचा बंदोबस्त एकट्या घराने होत नाही. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, त्यामुळे खाणे आणि बिळे तशीच राहिली तर मेलेल्यांची जागा लगेच भरते. ताण्याला लावायची खळ रात्री झाकावी, ज्वारी पत्र्याच्या कोठीत ठेवावी, मोरीला बारीक जाळी बसवावी. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही शिरतो. अशा फटींत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरावे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतात, म्हणून पिंजरा खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीलगत ठेवावा आणि त्यात भाजलेले शेंगदाणे लावावेत.

एवढे करूनही विष लागलेच, तर नोंदणीकृत ब्रोमॅडिओलोनची वडी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून कुलूपबंद पेटीतच ठेवून घ्यावी. त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.