अलीकडे तुमच्या पुस्तकसंग्रहात कोणती भर पडली? नव्या वाचकाने काय घ्यावे?

नवं कोरं म्हणावं असं एकही पुस्तक आलेलं नाही. आलेल्यांत सगळ्यात धाकटं आहे ते माझ्याच वयाच्या आसपासचं. यादी अशी: महादेवशास्त्री जोश्यांच्या ‘भारतीय संस्कृती कोशा’चे दहापैकी नऊ खंड, बा. भ. बोरकरांचे मराठी ‘दूधसागर’ आणि कोंकणी ‘सासाय’ हे कवितासंग्रह, लक्ष्मणराव सरदेसायांचे दोन कथासंग्रह, आणि ‘ख्रिस्तपुराणा’ची 1956 ची देवनागरी आवृत्ती.

यातलं निम्म्याहून अधिक आमच्या घरात आधी होतं. ते गेलं कसं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं घर फोंडा तालुक्यात. बाबा प्राथमिक शिक्षक. गोव्याच्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यांतल्या एकीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पगार बेताचाच, तरी कोशाचा खंड निघाला की घरात येई. आई कुरकुरायची, पण जिल्द तीच चढवायची. बाबा गेल्यावर पुस्तकं दोन पत्र्याच्या ट्रंकांत भरली. मी तेव्हा नोकरीला वास्कोत. एका वर्षी चवथीआधी, म्हणजे गणपतीच्या आधी, घराचं रंगकाम निघालं आणि दादानं दोन्ही ट्रंका भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकल्या. मला फोनवर कळवलं ते वहिनीनं, तेही रंग कुठला काढला हे सांगता सांगता.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे. वाळवी लागली होती, कुणी वाचत नव्हतं, आणि हवंच असेल तर पणजीत एवढं मोठं ग्रंथालय आहे.

वाळवीचं आधी घेतो. ट्रंका माजघरात फळीवर होत्या. नवा फ्रीज आला म्हणून त्या मागच्या पडवीत, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला टेकवून, थेट जमिनीवर गेल्या. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चिरा पाणी पितो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ट्रंका तिथं कुणी ठेवल्या, हे दादाला विचारा.

कुणी वाचत नव्हतं म्हणे. अहो, कोश हा काय पहिल्या पानापासून वाचायचा प्रकार आहे का? माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांफुलांची चौकट, बांधताना दरवर्षी आमच्याकडे वाद व्हायचा, हे फळ चालतं, ते चालत नाही, हे आजोबा बांधायचे, ते काकांनी मागाहून घुसवलं. बाबा हात पुसून आत जायचे आणि खंड घेऊन यायचे. वाद त्यानं मिटायचा असं नाही, पण पुढची भांडणं तरी मुद्द्यावर व्हायची. हा कोश लिहिणारा माणूस सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावचा. त्यांच्या पत्नी सुधाताईंना 1955 साली म्हापशात गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात अटक झाली होती. असल्या घरातून निघालेले दहा खंड आमच्या पडवीतून वजनकाट्यावर गेले.

राहिलं ग्रंथालय. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा मी सभासद आहे, तिथं मन रमतं, आणि 1832 पासूनची संस्था आपल्या राज्यात आहे याचा अभिमानही आहे. पण कोश संदर्भ विभागात बसून बघायचा असतो. रात्री जेवताना निघालेल्या वादासाठी फोंड्याहून पणजी गाठणारा माणूस मला दाखवा.

आता ‘ख्रिस्तपुराणा’बद्दल. दर 27 फेब्रुवारीला मराठीच्या कौतुकाच्या त्याच चार ओव्या सगळीकडे फिरतात, आणि फिरवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पाचवी वाचलेली नसते. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि त्यानं हजारो ओव्यांचं मराठी पुराण रचलं. ते 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं. त्याच शतकात आणखी दोनदा छापलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठं असल्याचं माहीत नाही. 1907 मध्ये मंगळुराला पुन्हा छापलं गेलं ते लोकांनी घराघरांत जपलेल्या हस्तलिखितांवरून. तीन आवृत्त्या निघालेला ग्रंथ असा नाहीसा होतो, आणि आमचे दादासाहेब म्हणतात, ‘मिळतं रे कुठंही’.

बोरकरांची दोन पुस्तकं शेजारी लावली म्हणून घरी आलेल्या एका गृहस्थांनी मला टोकलं. मराठीच्या कप्प्यात कोंकणी कशाला? ‘सासाय’ला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आणि ते लिहिणारे बाकीबाब, म्हणजे बोरकर, ‘दूधसागर’ लिहिणारेच बाकीबाब. भाषेचा वाद चौकात घाला, माझ्या कपाटात नको. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव तर मराठी, कोंकणी, पोर्तुगीज तिन्हींत लिहायचे. त्यांना मी कुठल्या कप्प्यात कोंबू?

तुम्ही काय घ्यावं? आपल्या गावाजवळच्या लेखकांची, आता छापली जात नाहीत अशी पुस्तकं आधी घ्या. गाजणारी नवी पुस्तकं पुढच्या वर्षीही दुकानात असतील, आणि ‘यशस्वी व्हा’ छापाची भाषांतरं तर रद्दीतही मिळतील, तीच जागा त्यांना शोभते. माझी बरीचशी खरेदी पुण्यातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून झाली. पैसे देण्याआधी पहिलं पान, शेवटचं पान आणि पाठ यांचे फोटो मागवा. ‘कंडिशन उत्तम’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. पुस्तक आलं की कपाटात सरळ ढकलू नका, आठवडाभर वेगळं ठेवून कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, आहे का ते बघा. प्लास्टिकमध्ये बांधलंत तर ओल आत कोंडते. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि पावसातही अधूनमधून दारं उघडी ठेवा.

आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घाला. पुस्तकं कोणाची, हे हयातीतच घरच्यांसमोर स्पष्ट सांगून ठेवा. बाबांनी ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे ‘सामायिक सामान होतं’ असं दादाला आज म्हणता येतं. सामायिक होतं तर विकताना मला विचारायला नको होतं का?

नवी पुस्तकं घेऊच नका असं मी म्हणत नाही, ती कुणी घेतलीच नाहीत तर पुढं जुनी कुठून होणार? माझ्याकडे जागा आहे, पोरं नोकरीला लागली आहेत, तुमचं तसं नसेल. दम्याचा त्रास असेल तर जुन्या पुस्तकांची धूळ मास्क लावल्याशिवाय झटकू नका. वाळवीबद्दलही दादा अगदीच खोटं बोलत नसावा, पण खालची दोन पुस्तकं गेली म्हणून वरची चाळीस द्यायची नसतात.

कोशाचा पाचवा खंड कुणाकडे जादा असेल तर निरोप द्या. बांधणी मोडकी चालेल, पानं मात्र सगळी हवीत.