गिटारचे सर शोधताय? फी विचारायच्या आधी हे बघा

पणजी, म्हापसा, मडगाव कुठंही राहा, गोव्यात गिटार शिकवणारा जवळपास मिळतोच, चर्चच्या शाळांतून पाश्चात्य संगीत शिकवायची पद्धत इथं फार जुनी आहे त्यामुळे चर्चच्या कॉयरमधल्या, म्हणजे गायकवृंदातल्या, कुणाला तरी विचारा, कांपालच्या कला अकादमीतही चौकशी करा. पण पैसे भरायच्या आधी एक ट्रायल क्लास मागा आणि मुलाबरोबर स्वतः बसा. सर ट्यूनिंग करून दाखवतात का, डाव्या हाताचा अंगठा नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागे कुठं टेकवायचा ते हात धरून सांगतात का, की नुसतं आपणच वाजवत बसतात? सात-आठ वर्षांच्या पोराला स्टीलच्या तारांची मोठी गिटार अजिबात घेऊ नका हो, बोटं इतकी दुखतात की पोरगं परत हात लावत नाही, अर्ध्या नाहीतर पाऊण साइजची नायलॉन तारांची घ्या. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा (संगीताच्या पायरीपायरीच्या परीक्षा) द्यायच्या असतील तर नोटेशन, म्हणजे लिहिलेलं संगीत वाचायला, शिकवणारेच सर हवेत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. मोठ्या माणसांना नुसती आवडीची गाणी कॉर्ड्सवर (एकत्र वाजवायच्या सुरांवर) वाजवायची असतील तर ग्रेडची काही गरज नाही. आणि पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते, केसमध्येच ठेवा.