तो '१ला महिना' जानेवारी नाही

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठसठसलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत तुम्ही जुनं दगडी घर घेतलंय, पहिले मालक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. त्यांचं लग्न २० फेब्रुवारी १७१९ चं आणि थोरल्या मुलाचा जन्म ११ जानेवारी १७१९ चा, म्हणजे लग्नाच्या चाळीस दिवस आधीचा. मग मीटिंगने, म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळीने, त्यांना काढून कसं टाकलं नाही, हा तुमचा प्रश्न. शिवाय मुलीच्या नावापुढचं 'एमओयू' म्हणजे काय, आणि कबर का सापडत नाही.

चाळीस दिवसांचं प्रकरण घडलेलंच नाही. तारखा चुकीच्या वाचल्या गेल्यात.

मी इतिहासकार नाही, हौशी आहे, चूभूद्याघ्या. पण या एका बाबतीत ठाम बोलतो, कारण याच चुकीत माझं दीड वर्ष गेलं.

क्वेकर लोक महिन्यांची नावं लिहीत नसत. जानेवारी, मार्च ही रोमन देवांची नावं, ती तोंडी कशाला, असा त्यांचा कटाक्ष. वारांचंही तेच, रविवार म्हणजे 'पहिला दिवस'. म्हणून नोंदीत '२ऱ्या महिन्याचा २०वा दिवस' असं येतं. आता १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि क्वेकरांचा १ला महिना होता मार्च. २रा एप्रिल, ११वा जानेवारी, १२वा फेब्रुवारी. चैत्रापासून महिने मोजत वाढलेल्या माणसाला हे जड जायला नको, पण संगणकावर तारीख भरताना आपण चैत्र विसरतो आणि १ म्हटलं की जानेवारी टाकून मोकळे होतो.

तुमच्या नोंदी मुळात '२ऱ्या महिन्याचा २०वा, १७१९' आणि '१ल्या महिन्याचा ११वा, १७१९/२०' अशा असणार. म्हणजे लग्न २० एप्रिल १७१९, जन्म ११ मार्च १७२०. जवळजवळ अकरा महिन्यांचं अंतर. बिचाऱ्यांवर तीनशे वर्षांनी आळ आला तो अनुक्रमणिका करणाऱ्याने तिरक्या रेघेनंतरचे दोन आकडे उडवले म्हणून.

ती तिरकी रेघ अजिबात सोडू नका. १७१९/२० म्हणजे 'कायद्याने अजून १७१९, पण जानेवारीपासून मोजणाऱ्यांचं १७२०'. १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातच ती येते. मराठ्यांच्या इतिहासाची आवड असेल तर सुरतेच्या इंग्रज वखारीची पत्रं आठवा. महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण वखारवाल्यांच्या हिशेबाने तेव्हा १६६३ चालू होतं. दुखणं तेच.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक कारकून रेघ मारायचाच असं नाही. कुणी २५ मार्चपर्यंत जुनं वर्ष लिहायचा, कुणी १ल्या महिन्याच्या १ तारखेलाच वर्ष बदलायचा. त्यामुळे नुसतं '१ल्या महिन्याचा ११वा, १७१९' दिसलं तर ते मार्च १७१९ की मार्च १७२०, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. त्यासाठी मीटिंगच्या इतिवृत्ताची वही उघडायची आणि आधीची-नंतरची पाच-सहा पानं नुसती चाळायची. दर महिन्याच्या सभेला वर मथळा असतो. ते क्रमाने कागदावर उतरवा: १०वा १७१९, ११वा १७१९/२०, १२वा १७१९/२०, १ला १७१९/२०, २रा १७२०. या कारकुनाचं वर्ष कुठे उलटतं ते दहा मिनिटांत दिसतं, आणि ती त्याची खोड एकदा कळली की त्याच्या हातच्या सगळ्या नोंदींना लागू करता येते. हस्ताक्षर बदललं की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

१७५१-५२ च्या पानांवर जास्त सावध राहा. ब्रिटिश संसदेने वर्षारंभ १ जानेवारीला आणला, त्यामुळे १७५१ हे वर्ष २५ मार्च ते ३१ डिसेंबर एवढंच झालं. १७५२ पासून क्वेकरांचा १ला महिनाही जानेवारी. म्हणजे वहीत १७५१ च्या १०व्या महिन्यानंतर थेट १७५२ चा १ला महिना येतो, ११वा आणि १२वा गायब. पानं फाटली असं वाटतं, फाटलेली नसतात. कुठे १७५१ खाली ११वा महिना दिसलाच तर तो बहुधा १७५०/५१ ची जानेवारी. पुढे १७५२ मध्येच २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले अकरा दिवस गेले.

हे अकरा दिवस तुमच्या तारखांत मिळवू नका, हे माझं मत. वॉशिंग्टनचा जन्म मूळ नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१/३२ चा, आपण २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो, कारण तिथे दिवसही सरकवलेत आणि वर्षही. घराच्या इतिहासाला दिवस सरकवायची गरज नाही. एकाने सरकवले, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने सरकवलेल्यात पुन्हा अकरा मिळवले, अशा वंशावळी ऑनलाइन पोत्याने मिळतात.

आता माझी चूक, म्हणजे तुम्ही ती टाळाल. तारीख भरतानाच तिचं भाषांतर करायचं आणि मूळ ओळ कुठेच ठेवायची नाही, ही ती चूक. नंतर शंका आली की आपण काय वाचलं होतं हेच सांगता येत नाही. म्हणून टिपणाच्या जागेत वहीतली ओळ जशीच्या तशी उतरवा, रेघेसकट, स्पेलिंगच्या चुकांसकट. 'ये' (ye) सारखा दिसणारा शब्द म्हणजे इंग्रजी 'द' (the), तोही तसाच राहू द्या. वहीचं नाव आणि पान क्रमांक लिहा. मग तारखेच्या चौकटीत '११ मार्च १७१९/२०'. वंशावळीचे बरेच संगणक-प्रोग्रॅम ही दुहेरी वर्षं घेतात. तुमचा घेत नसेल तर १७२० लिहा आणि टिपणात कारण द्या. नुसत्या आकड्यांची तारीख, म्हणजे ३-५-१७२० असलं काही, कुठेही ठेवू नका. त्यातला महिना कोणता हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

याच संदर्भात एका कार्यालयाचं नाव न घेता बोलतो. जुन्या घरांची नोंद करणारं एक खातं आहे, तिथल्या फॉर्मात वर्षाला चारच चौकोन. तिरकी रेघ लिहिली तर खिडकीवरचा माणूस पेनने खोडतो आणि वर ऐकवतो की 'एका तारखेला दोन वर्षं नसतात'. मग तीच फाइल 'तारखांत विसंगती' असा शेरा मारून परत, दोन वेळा. विसंगती घालणारे तेच, शेरा मारणारेही तेच! आपल्याकडचं तहसील कार्यालय परवडलं, तिथे निदान चहावाला तरी असतो. असो. उपाय एवढाच: फॉर्मात एकच वर्ष लिहा (जानेवारीपासून मोजलेलं), सोबत मूळ ओळीचा फोटो आणि खाली तीन ओळींचा टंकलिखित खुलासा जोडा. तोंडी समजवायला जाऊ नका.

मीटिंगने काढून का टाकलं नाही, याकडे वळतो, कारण तुमचा हा प्रश्न खरं तर चांगला पुरावा आहे. मूल खरंच लग्नाआधी झालं असतं तर इतिवृत्तात नक्की आलं असतं. असल्या बाबतीत मंथली मीटिंग, म्हणजे महिन्याची कामकाजाची सभा, डोळेझाक करत नसे. दोन-दोन सभासद घरी पाठवायचे, लेखी पश्चात्तापाचा कागद मागायचे, नाही दिला तर सभासदत्व काढायचे. पुरुषांची आणि स्त्रियांची सभा वेगळी, वह्याही वेगळ्या. दोन्ही वह्या चाळून काहीच नसेल तर संशय तारखेवर घ्यायचा, माणसांवर नाही.

लग्नाची तारीख आणखी एका वाटेने पक्की होते. जोडप्याला लागोपाठ दोन मासिक सभांत उभं राहून इरादा सांगावा लागे. पहिल्या वेळी चौकशीला माणसं नेमायची, दुसऱ्या वेळी परवानगी, आणि लग्नानंतरच्या सभेत 'नीट पार पडलं' असा अहवाल. म्हणजे लग्न दुसरा इरादा आणि अहवाल यांच्या मधेच कुठेतरी. तुमचं लग्न एप्रिलचं असेल तर इरादे साधारण १२व्या आणि १ल्या महिन्यात, अहवाल ३ऱ्यात. तुम्ही न्यू गार्डन मीटिंग लिहिली आहे. ती १७१८ मध्ये न्यूअर्क मंथली मीटिंगमधून वेगळी निघाली, तेव्हा एखादा कागद न्यूअर्ककडेही निघू शकतो. हे न्यू जर्सीतलं न्यूअर्क नव्हे. या मीटिंगचं नाव पुढे १७६० मध्ये केनेट झालं.

जन्मनोंदीच्या वहीवर फार विसंबू नका. ती पुष्कळदा नंतर उतरवलेली नक्कल असते, अख्ख्या कुटुंबाची मुलं एका हाताने, एका शाईने लिहिलेली. शाई सगळीकडे सारखी दिसली की ओळखायचं, हे त्या-त्या वर्षी लिहिलेलं नाही. इतिवृत्त आणि वही यांत फरक आला तर मी इतिवृत्ताला धरतो. लग्नाच्या दाखल्यावर मात्र हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या असतात, नातेवाइकांच्या सहसा उजवीकडच्या रांगेत. शेजारीपाजारी शोधायला याइतकं उत्तम साधन नाही.

'एमओयू' म्हणजे सामंजस्य करार नव्हे! विल्यम वेड हिन्शॉ नावाच्या गृहस्थांनी १९३६ पासून अमेरिकन क्वेकर नोंदींचे जाडजूड खंड काढले, त्यांतली ही संक्षेपाक्षरं आहेत. (गृहस्थ मूळचे ऑपेरा गायक.) 'एमओयू' म्हणजे मंडळीबाहेर लग्न केलं. 'डिस' म्हणजे सभासदत्व काढलं, 'जीसीटी' म्हणजे अमुक मीटिंगकडे जाण्याचा दाखला दिला, 'आरओसीएफ' म्हणजे अमुककडून दाखला घेऊन आले. सभासदत्व काढणं याचं मराठीत 'वाळीत टाकणं' करू नका. रविवारी मौनात येऊन बसायला बंदी नव्हती, कामकाजाच्या सभेत बसता येत नसे. पुष्कळजण काही वर्षांनी कागद लिहून देऊन परत यायचे, तेव्हा त्या मुलीचं नाव पुढच्या पाच-दहा वर्षांत पुन्हा शोधा.

कबरीचं थोडक्यात: जुने क्वेकर बहुतेक खुणेचा दगडच लावत नसत, मोठेपणा नको म्हणून. दफनभूमी सापडेल, कबर बहुधा नाही. शोधण्यात सुट्ट्या घालवू नका.

वह्या कुठे, तर स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांच्या संग्रहांत. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाची मंडळी हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स अशी फुटली ती १९५५ मध्ये पुन्हा एक झाली. मधल्या काळात बऱ्याच ठिकाणी एकाच नावाच्या दोन-दोन मीटिंगा चालू होत्या. तुमचा काळ फुटीच्या आधीचा, म्हणजे वही ज्या गटाच्या हाती राहिली तिकडे गेली. दोन्ही संग्रहांना विचारा. बरीचशी पानं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर आहेत आणि अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालयांत ती फुकट बघता येतात. तिथे नाव टाकून शोधू नका, तुमचा सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. राज्य, काउंटी, मीटिंग असं उतरत जाऊन वहीचं पान न् पान बघा.

फुटीनंतरच्या मालकांसाठी नियतकालिकं चाळा. ऑर्थोडॉक्सांचं साप्ताहिक १८२७ चं, हिक्साइटांचं १८४४ चं. दोन्हींत लग्न-मृत्यूच्या बातम्या येत. १९५५ मध्ये दोन्ही मिळून आजचं फ्रेंड्स जर्नल झालं. त्या काळातला १ला महिना जानेवारीच, तिथे निर्धास्त.

गावातल्या मीटिंगला जाणार असाल तर आधी क्लार्कला मेल करा. क्लार्क म्हणजे पगारी कारकून नाही, सभा चालवणारा स्वयंसेवक. काही दाखवायचं-द्यायचं ठरवायला ते महिन्याच्या कामकाजाच्या सभेपर्यंत थांबतात, मतदानही घेत नाहीत, सगळ्यांचा एक सूर लागेपर्यंत बोलतात. उत्तराला महिना लागला तर रुसू नका. रविवारी गेलात तर तासभर शांत बसायचं, कुणाला आतून वाटलं तर तो उठून बोलतो, शेवटी हस्तांदोलन. फोटोंची फाइल कॉफीच्या वेळी काढा, आधी नको. आणि 'क्वेकर ओट्स'च्या डब्यावरचा विनोद करू नका. त्या कंपनीचा यांच्याशी काही संबंध नाही आणि तो विनोद त्यांनी हजार वेळा ऐकलेला असतो.

खाली एकांनी सेवाग्रामच्या क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स आणि होशंगाबादच्या क्वेकर मिशनबद्दल विचारलंय. मिशनचे कागद लंडनला फ्रेंड्स हाउसच्या ग्रंथालयात आहेत. तिथल्या पत्रांतही आकड्यांचे महिने भेटतील, पण ते सगळे १७५२ नंतरचे, तेव्हा सरळ वाचा. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

तुमच्या त्या जन्मनोंदीच्या पानाचा फोटो टाकता आला तर टाका, रेघ आणि तिच्या आजूबाजूच्या चार ओळींसकट.