तंबू, कुत्रा आणि सोमवारचं ऑफिस : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय, कुत्र्याला घेऊन कॅम्पिंगला जायचंय पण वेळच नाहीये, काय करू? पत्रं थोडी काटछाट करून देतेय. माणसांची नावं काढलीयत, कुत्र्यांची ठेवलीयत, त्यांची काही हरकत दिसली नाही.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, सकाळी आठला बाहेर पडलं की घरी यायला साडेसात होतात. ब्रुनो तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३० किलो. सकाळी आणि रात्री पंधरा-पंधरा मिनिटं फिरवतो, बाकी दिवसभर तो लादीवर पसरलेला असतो. फार अपराधी वाटतं. म्हणून आता सुट्ट्या जोडून चार दिवस त्याला डोंगरात न्यायचं ठरवलंय, रोज १२-१५ किलोमीटर चालायचं आणि तीन रात्री तंबूत राहायचं. सामान काय काय घेऊ?

सामानाचं नंतर बघू, आधी प्लॅन छोटा करा. एक रात्र करा आणि दिवसाला चार-पाच किलोमीटरच्या वर जाऊ नका. राग येईल वाचून, पण ब्रुनोच्या बाजूने बोलायला दुसरं कोणी नाहीये.

रोज अर्धा तास चालणाऱ्या कुत्र्याला एकदम १५ किलोमीटर चालवलं तर तो चालेल, हाच तर प्रॉब्लेम आहे. लॅब्रॅडॉर मध्येच बसून 'आता बास' असं सांगणाऱ्यातला नाही, तुम्ही पुढे चाललात की तो शेपूट हलवत मागे येणारच आणि त्रास कळतो तो संध्याकाळी, पंजे चाटत बसतो, उठताना मागचा पाय जपून टाकतो. घरातल्या गुळगुळीत लादीवर राहणाऱ्या कुत्र्याच्या पंजांच्या गाद्या मऊ असतात, दगड-खडीवर त्यांची सालं निघतात आणि खाली लालभडक कातडी दिसायला लागते, ती भरून यायला बरेच दिवस जातात. त्यात अंगावर चरबी असेल तर गुडघ्याच्या लिगामेंटवर ताण येतो, आणि ते एकदा फाटलं की अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं.

म्हणून ट्रिपची तयारी आजच्या वॉकपासून सुरू करा. पंधरा मिनिटांची वीस करा, मग पंचवीस, आठवड्यातून दोनदा चढ किंवा जिने, आणि डांबरी रस्ता सोडून माती, गवत, खडी असं वेगवेगळ्या जमिनीवर चालवा. महिनाभरात तो आरामात तासभर चालायला लागेल. माझा साधा हिशोब असा आहे की एरवी जेवढं न दमता चालतो त्याच्या दुपटीच्या वर ट्रिपवर न्यायचं नाही.

आणि ते अपराधी वाटण्याचं. चार दिवसांच्या ट्रिपने उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांचा हिशोब चुकता होत नाही हो. कुत्र्याला लांबचं-जवळचं काही कळत नाही, त्याला वास नवीन हवेत. घरापासून तासाभरावर जिथे रात्र काढता येते आणि कुत्रा चालतो अशी एखादी जागा शोधा, बऱ्याच संरक्षित जंगलांत कुत्र्यांना बंदी असते तेव्हा हे आधी फोन करून विचारायचं. अशी जागा सापडली की दीड-दोन महिन्यांतून एकदा सहज जाणं होतं, चार दिवसांची सुट्टी काय वर्षातून एकदा मिळते, आणि तीही ऐन वेळी कॅन्सल होते.

आता सामान. सगळ्यात महत्त्वाचं पाणी. नुसतं बसून राहिलं तरी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे ब्रुनोला दीड ते पावणेदोन लिटर. चालणं आणि ऊन धरलं की दुप्पट धरा, आणि हे तुमच्या पाण्याच्या वेगळं. डबकं दिसलं की तोंड घालू देऊ नका, उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होतो. त्याची लस दोन डोसांत असते, दोन-चार आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे शुक्रवारी रात्री आठवून उपयोग नाही, महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जा. खाणं रोजचंच न्या, एक वेळचं जास्तीचं. ट्रिपवर नवीन काही खिलवून बघायची हौस करू नका, रात्री दोनला पोट बिघडलं की तंबूची चेन उघडेपर्यंत तो थांबत नाही.

प्रश्न : राणी घरी अगदी शांत असते पण मागच्या वेळी तंबूत रात्रभर भुंकली. आजूबाजूचे लोक वैतागले, आम्ही पहाटे चारला सामान गुंडाळून निघालो. आता परत न्यायची हिंमत होत नाही.

राणीला पहिल्यांदाच एका कापडाच्या डब्यात कोंडलं, भिंत हलतेय, बाहेर प्रत्येक पान वाजतंय आणि तिचं काम घराची राखण करणं आहे असं तिला वाटतं. मग भुंकणारच ना.

तंबू घरी लावा. हॉलमध्ये मावत नसेल तर नुसता आतला भाग खुर्च्यांना बांधून उभा करा, थोडा वाकडा उभा राहिला तरी चालतो. तिची रोजची चादर आत टाका, न धुतलेली, तिचा वास असलेली. आठवडाभर तसाच राहू द्या, ऑफिसला जाताना-येताना आत एखादा खाऊ टाकून ठेवा, ती आपणहून ये-जा करायला लागेल. मग चेनचा आवाज. याकडे कोणी लक्ष देत नाही, पण कुत्रे बऱ्याचदा दचकतात ते तंबूच्या चेनच्या त्या सर्रकन आवाजाला, कारण तो अगदी कानाशी होतो आणि त्यानंतर सगळं बंद होतं. तिला आत बसवून चेन दोन इंच ओढा, खाऊ द्या. चार इंच, खाऊ. पूर्ण बंद, खाऊ, लगेच उघडा. टीव्ही बघता बघता होतं हे काम, वेगळा वेळ काढावा लागत नाही. शेवटी एक रात्र तुम्ही स्वतः तिच्याबरोबर तंबूत झोपा, घरातच.

प्रत्यक्ष जाल तेव्हा जागा कडेची घ्या, रस्ता आणि टॉयलेटपासून लांब, माणसांची वर्दळ कमी म्हणजे भुंकायला कारणं कमी. झोपायच्या आधी एक लांब, निवांत, हुंगत हुंगत फेरी. पळवून दमवायचा प्रकार नको, फार दमलेला कुत्रा लहान पोरासारखा किरकिरतो. आणि तिला रात्री बाहेर बांधून ठेवू नका, आत तुमच्या पायाशी घ्या. थंडी असेल तर तिच्या खाली जाड मॅट टाका, गारवा जमिनीतून जास्त चढतो. तंबूत ऊब यावी म्हणून शेगडी किंवा निखारे मात्र अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो तुम्हा दोघांनाही झोपेतून उठू देणार नाही.

प्रश्न : गाडीत बसलं की आमचा टायगर अर्ध्या तासात उलटी करतो. जायचं कसं?

निघायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. खिडकी जराशी उघडी, पण डोकं बाहेर काढू द्यायचं नाही, डोळ्यात कचरा जातो आणि ब्रेक लागला तर मान. मागच्या सीटवर हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बेल्ट लावून किंवा नीट बांधलेल्या क्रेटमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात. रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटांची चक्कर मारा आणि शेवट त्याला आवडणाऱ्या जागी करा, बऱ्याच कुत्र्यांना गाडी म्हणजे फक्त डॉक्टर एवढंच माहीत असतं. एवढं करूनही थांबलं नाही तर प्रवासातल्या उलटीवर कुत्र्यांसाठीचं औषध मिळतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका.

प्रश्न : गोचिडांची भीती वाटते. औषध लावलंय तरी परत आल्यावर कानात एक सापडलीच. काडी पेटवून चटका दिला की सुटते म्हणतात, खरं का?

अजिबात नाही, काडी नको, तेल नको, स्पिरीट पण नको. डिवचलेली गोचीड पोटातलं परत कुत्र्याच्या रक्तात सोडू शकते आणि एर्लिकिया, बबेसिया असले आजार तिथूनच येतात. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी चिकटून, म्हणजे तिच्या फुगलेल्या पोटाला नाही तर तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर सावकाश ओढा, पिळू नका. मग जागा पुसून घ्या आणि तारीख फोनमध्ये टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खाणं कमी, मरगळ, हिरड्या फिकट असं काही दिसलं तर डॉक्टरांना 'अमुक तारखेला गोचीड निघाली होती' एवढं सांगितलं तरी तपासणीची दिशा ठरते.

औषध लावलंय म्हणून तपासायचं सोडू नका. बरीच औषधं गोचीड चावल्यानंतर तिला मारतात, चढायची ती चढतेच. शोधायच्या जागा : कानाच्या आत आणि मागे, पापणीच्या कडेला, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, आणि सगळ्यात लबाड जागा म्हणजे बोटांच्या मधे. डोळ्यांवर विसंबू नका, बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा, मसुराएवढं काही लागलं की केस बाजूला करून बघा. तंबूत शिरायच्या आधी एकदा आणि गाडीत बसायच्या आधी एकदा.

आणि घरात मांजर असेल तर औषधाच्या पाकिटावर परमेथ्रिन लिहिलंय का ते वाचा. कुत्र्याला चालतं, मांजराला ते विष आहे, कुत्र्याच्या अंगाला अंग घासलं तरी त्रास होऊ शकतो.

प्रश्न : मोकळं सोडायचं का? चेनला बांधून कॅम्पिंग म्हणजे काय मजा. शिवाय चिप बसवलेली आहे, हरवला तरी सापडेल.

कातडीखाली बसवलेली ती बारीकशी चिप म्हणजे जीपीएस नाही हो! त्यात फक्त एक नंबर असतो, १५ आकडी, आणि कोणीतरी कुत्रा पकडून स्कॅनर धरला तरच तो दिसतो. त्या नंबरापुढे तुमचा जुना फोन नंबर नोंदवलेला असेल तर तेही गेलं. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू फोन नंबर कोरून घ्या, तोच आधी कामाला येतो.

दहा मीटरची लांब दोरी मिळते, ती हार्नेसला लावा, पट्ट्याला नको, धावत जाऊन झटका बसला तर मान दुखावते. एवढ्या दोरीत त्याला हुंगायला, लोळायला भरपूर मोकळीक मिळते आणि ससा दिसला तरी तो तुमच्याकडेच राहतो. तुमच्या घराजवळ हाक मारल्यावर तो येतो, ते इथे धरायचं नाही, कारण इथे तुमच्या हाकेची स्पर्धा हरणाच्या वासाशी आहे. शिवाय दुसऱ्याचं पोर घाबरतं, दुसऱ्याचा कुत्रा अंगावर येतो, हे मोकळं सोडणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, तो लांबून 'काही नाही करत तो' ओरडत असतो.

प्रश्न : आमचा पग ११ वर्षांचा आहे. नेऊ का?

हवा गार असेल, गाडी तंबूपर्यंत जात असेल आणि डॉक्टरांनी हृदय-श्वास तपासून हो म्हटलं असेल तर एक रात्र न्या. चालवायचं नाही फारसं. उन्हाळ्यात नको. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग गार करणं नीट जमत नाही, आणि कुत्र्यांकडे दुसरा मोठा उपाय नसतोच, घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, ४० च्या वर गेलं की धोका. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, चाल लडखडती असं दिसलं की सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरकडे पळा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, आतली गरमी आतच कोंडते.

प्रश्न : वाटेत पाच मिनिटं चहा-टॉयलेटला उतरलो तर गाडीत ठेवला तर चालतो ना? काच थोडी उघडी ठेवून?

नाही. बाहेर २५ अंशांची सुखद हवा असली तरी उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत साधारण १० अंश वाढतात, काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. एकाने उतरायचं, एकाने कुत्र्याजवळ थांबायचं.

प्रश्न : ताई, आम्ही दोनदा गेलो, मजा आली, पण रविवारी रात्री अकराला घरी, ओला तंबू, चिखलाने भरलेली शेरू, सोमवारी नऊची मीटिंग. नवरा म्हणतो आता पुढच्या वर्षी. काय करावं?

नवऱ्याचं चूक नाही, पण पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही हे तुम्हालाही माहितीये. शक्य असेल तर शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार करा. शुक्रवारी जरा लवकर सुटून तासाभरावरच्या जागी जायचं, शनिवारी दुपारी जेवायला घरी. रविवार अख्खा मोकळा, तंबू वाळतो, शेरू झोपते, तुम्ही पण. तिला सोमवारी उशिरापर्यंत लोळू दे, मोठा वॉक नको, पाय मोकळे करण्यापुरतं फिरवा.

दुसरं म्हणजे शेरूची बॅग कायम भरलेली ठेवा. दोन वाट्या, लांब दोरी, जास्तीचा पट्टा, बिल्ला, जुना टॉवेल, चिमटा, बँडेज पट्टी, सलाईनची छोटी बाटली, शीच्या पिशव्या, लसीच्या कार्डाची झेरॉक्स, आणि जिथे जाताय तिथल्या जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर, हा तेवढा दर वेळी बदलायचा. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन त्यात टाकू नका, त्या गोळ्या कुत्र्याला चालत नाहीत. तुमच्या खाऊच्या पिशवीतलं चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) शुगरफ्री च्युइंगगम तिच्या तोंडाला लागणार नाही असं वर टांगा. घरी आल्याबरोबर, बूट काढायच्याही आधी, जे संपलं ते बॅगेत भरायचं, हे काम नवऱ्याला द्या.

शी उचलून परत आणायची, त्यासाठी झाकणाचा एक डबा ठेवा. अगदीच शक्य नसेल आणि तिथे तशी परवानगी असेल तर पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, १५-२० सेंटिमीटर खोल खड्ड्यात पुरा. पिशवीत बांधून झाडाखाली ठेवून येणारे लोक असतात, 'येताना उचलू' म्हणत, आणि येतात दुसऱ्याच वाटेने.